स्कॉटलंडच्या पॅरिश-वृत्तांतासारखा कोरेगाव तालुक्यातल्या गावाचा वृत्तांत कसा करावा?

वसनाकाठ

कोरेगाव तालुक्यात वसना नदीच्या दोन काठांना खुर्द आणि बुद्रुक अशी जोडगावं आहेत. दोन्हींचा मिळून एक वृत्तांत तयार करायचं गावच्या वाचनालयानं ठरवलं आहे. नुसती घराणी आणि लढाया नकोत. जमीन, पाणी, वाटा, देवळं, वस्त्या, पिकं आणि माणसं एकत्र दिसावीत अशी इच्छा आहे. नमुना म्हणून स्कॉटलंडच्या ग्रामीण पॅरिशचे अठराव्या शतकातले वृत्तांत समोर ठेवले आहेत. १८१८ नंतर साताऱ्याचा कारभार पाहणारा जेम्स ग्रँट डफ स्कॉटलंडमधल्या बॅन्फचा, त्यामुळे हा धागा साताऱ्याला अगदीच परका नाही.

हाताशी आहे ते असं: १८८५ च्या सातारा गॅझेटियरमधला मजकूर, चालू सातबारे, मारुतीच्या देवळापुढे मांडलेले पाच वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), आणि पाटलांच्या वाड्यातला एक मोडी कागद. त्याच्या वरच्या ओळीत "सबा सितैन मया व अलफ" असं वाचता येतं.

विचारायचं हे की त्या पॅरिश-वृत्तांतातून नेमकं काय उचलावं, आपल्याकडचे कागद कोणते, कुठे आणि कोणत्या क्रमानं बघावेत, आणि शिवारात फिरताना काय टिपावं?

डोंगरवाट

पॅरिश म्हणजे "चर्चचं गाव" एवढाच अर्थ धरलात तर निम्मी गोष्ट हातून निसटेल. पॅरिश ही आधी एक हद्द आहे. एका चर्चच्या हद्दीत नदीकाठची चांगली जमीन, डोंगराचा उतार, दलदल, कुरण आणि विखुरलेल्या लहान वस्त्या असं सगळं येतं. या वस्त्यांना तिकडे फर्मटून म्हणत. मूठभर कुळांची घरं एकत्र. त्यामुळे एका मौजापेक्षा मौजे आणि त्याच्या वाड्या मिळून जो पसारा होतो, त्याच्याशी पॅरिश जास्त जुळते. खुर्द-बुद्रुक एकत्र घेण्याचा तुमचा निर्णय म्हणूनच योग्य आहे.

चर्चची इमारत, पाद्र्याचं घर आणि शाळा यांचा भार जमीनमालकांवर असे. त्यांना हेरिटर म्हणत. प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा आणि शिक्षकाचा पगार, हे बंधन १६९६ च्या कायद्यानं त्यांच्यावर आलं. पाद्र्याला कसायला मिळणारी जमीन म्हणजे ग्लीब. ती पाहून आपल्या देवस्थान इनामाची आठवण होते, पण ग्लीब पदाला चिकटलेली असते आणि गुरवाचं वतन घराण्याला. तुलना करताना हा फरक सोडू नका. गरिबांना मदत देण्याचं काम १८४५ पर्यंत मुख्यतः चर्चच्या पंचमंडळाकडे, म्हणजे किर्क सेशनकडे होतं. जन्म-लग्नाच्या नोंदीही चर्चच्याच वह्यांत. सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. आपल्याकडे अशी चर्चची वही नाही. आपली माणसं सापडतात ती जमिनीच्या, वतनाच्या आणि तंट्याच्या कागदांत.

आता वृत्तांताकडे. केथनेसचा जमीनदार सर जॉन सिंक्लेअर यानं १७९० मध्ये स्कॉटलंडमधल्या सगळ्या पॅरिशच्या पाद्र्यांना १६० प्रश्न पाठवले. पहिले ४० भूगोलाचे, ४१ ते १०० लोकसंख्येचे, १०१ ते ११६ उत्पादनाचे, उरलेले संकीर्ण. नंतर आणखी ६ जोडले. उत्तरं १७९१ ते १७९९ या काळात २१ खंडांत छापली गेली आणि ९३८ पॅरिश त्यात आल्या. १८३४ ते १८४५ या काळात दुसरी मालिका निघाली. उचलायचं आहे ते या प्रश्नांमधलं शिस्तीचं बळ. पहिला प्रश्न जुन्या आणि आजच्या नावाचा, दुसरा व्युत्पत्तीचा, मग लांबी-रुंदी, माती, हवा, नद्या, डोंगर. राजे-सरदार पुष्कळ नंतर येतात. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे जुना आकडा नव्या आकड्याशेजारी ठेवायची सवय. अलेक्झांडर वेबस्टर यानं १७५५ च्या सुमाराला केलेली पॅरिशवार लोकसंख्येची मोजदाद हाताशी होती. पाद्र्यांनी आपला आकडा तिच्याशी ताडला आणि वाढ किंवा घट का झाली याचं कारण दिलं. तुमच्याकडे १८८१ पासूनच्या जनगणना आहेत. १८८१, १९११, १९२१ आणि १९५१ शेजारी मांडा. १९११ ते १९२१ मध्ये आकडा खाली आला असेल तर १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आठवा. पुरुषांपेक्षा बायका बऱ्याच जास्त दिसल्या तर मुंबईच्या गिरण्यांकडे गेलेले पुरुष शोधा.

भूमीच्या बाबतीत त्यांची मांडणी बघण्यासारखी आहे. वस्तीलगतच्या जमिनीला दरवर्षी खत मिळे आणि ती सतत पिकाखाली असे, तिला इनफील्ड म्हणत. त्यापलीकडची आउटफील्ड काही वर्षं पेरून मग पडीक टाकत. लागवडीची जमीन आणि डोंगर यांच्यामध्ये दगड-मातीचा लांब बांध असे, तो हेड डाइक. त्याच्या वर सामाईक चराई, आणि उन्हाळ्यात गुरं घेऊन वर राहायच्या झोपड्या म्हणजे शीलिंग. कुळांच्या पट्ट्या एकमेकांत मिसळलेल्या असत, ती रनरिग पद्धत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जमीनदारांनी या पट्ट्या मोडून चौकोनी, बांधबंदिस्त शेतं केली आणि अनेक फर्मटून पुसून गेली. जुन्या नांगरटीचे उंचवटे मात्र कुरणात अजून दिसतात. ते उलट्या एस अक्षरासारखे वाकलेले असतात, कारण बैलांची लांब जोडणी शेताच्या टोकाला वळवायची तर नांगर आधीच कलता घ्यावा लागे. शेताच्या आकारावरून औताचा आकार कळतो, ही दृष्टी घेऊन शिवारात उतरा.

या वृत्तांतांचा दोषही सांगायला हवा. लिहिणारा पाद्री. तो बहुतेक वेळा जमीनमालकाच्या बाजूनं बघतो, आणि हलवलेल्या कुळांबद्दल एका वाक्यात आटपतो. नावांच्या व्युत्पत्ती तर पुष्कळदा ओढूनताणून. तुमच्या वृत्तांतात महारवाडा, मांगवाडा, रामोशी वस्ती आणि मेंढपाळांचे वाडे यांची माहिती त्यांच्याकडूनच घ्या. पाटलांच्या वाड्यात बसून ती मिळणार नाही.

फाळणीबुक

कागदांचं सांगतो. सातबाऱ्यापासून सुरुवात करू नका. तो सगळ्यात अलीकडचा थर आहे.

पहिली पायरी गाव नकाशा. कोरेगावच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात नकलेचा अर्ज द्या आणि जुना, सर्व्हे नंबरचा नकाशा मागा. तुम्ही न सांगता गट नंबरचा नवा नकाशाच हातात येण्याची शक्यता जास्त. जुन्या नकाशांचं प्रमाण बहुधा १ इंचाला २० साखळ्या असतं. मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणजे १ इंच म्हणजे ६६० फूट, १:७९२०. झेरॉक्स काढताना कागद थोडा लहान-मोठा होतो आणि मग सगळी अंतरं चुकतात. म्हणून नकाशावरची प्रमाणपट्टी आधी फूटपट्टीनं मोजून घ्या.

दुसरी पायरी आकारबंद. यात प्रत्येक सर्व्हे नंबरचं क्षेत्र, आकार म्हणजे सारा, आणि पोटखराबा असतो. पोटखराब्याचे दोन वर्ग बघा. अ वर्ग म्हणजे खडक, खळं, शेतातलं घर अशी न पिकणारी जागा. ब वर्ग म्हणजे रस्ता, ओढा, स्मशान असा सार्वजनिक उपयोग. आज नांगराखाली गेलेली जुनी वाट या ब वर्गात जिवंत असते. एकरी आकार किती ते काढून नकाशावर रंग भरलात की मळईची, काळीची आणि बरड माळाची जमीन आपोआप वेगळी दिसेल. साऱ्याचे दर मातीची खोली आणि दोष बघूनच ठरवलेले होते, त्यामुळे गावच्या मातीचा जुना नकाशाच हाताशी येतो.

तिसरी पायरी टिपण आणि फाळणी, म्हणजे मोजणीच्या वेळी जमिनीची मापं टाकून काढलेली आकृती. ही आकृती प्रमाणात काढलेली नसते. आकडे खरे, आकार अंदाजे. आकडे साखळी आणि आण्यात. १६ आण्यांची साखळी, म्हणजे आणा दोन फुटांहून किंचित जास्त. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १ गुंठा, ४० गुंठे म्हणजे १ एकर. पेशवाईच्या किंवा त्याआधीच्या कागदात बिघे आणि चावर येतील. २० काठ्या लांब आणि २० काठ्या रुंद तो बिघा, १२० बिघ्यांचा चावर. पण काठीची लांबी सगळीकडे एकसारखी नव्हती, म्हणून बिघ्याचे एकर करून छापू नका. मूळ माप तसंच ठेवा.

चौथी गोष्ट, आणि इथेच बहुतेक लोक घसरतात. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव योजना झाली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट १२० आणि जुना सर्व्हे १२० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. इनामाच्या जुन्या यादीतला नंबर आजच्या नकाशावर शोधला तर देवाची जमीन भलत्याच्याच शेतात दिसेल, आणि गावात नसता वाद उभा राहील. एकत्रीकरणाच्या योजना पत्रकात जुना नंबर आणि नवा गट समोरासमोर असतात. ते मिळेपर्यंत एकही ठिकाण पक्कं करू नका.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने फेरफार, पाहणीपत्रकं, इनामाची नोंदवही आणि कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ मागा. कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मोडीत असतात आणि हल्ली कुणबी नोंदींच्या शोधामुळे पुष्कळ ठिकाणी त्यांचं स्कॅनिंग झालं आहे. मृत्यूचं कारण दिलेलं असेल तर प्लेग आणि पटकीची वर्षं हातात येतात. सातबाऱ्यावरच्या इतर हक्कातल्या शेऱ्यांचा काळ कळायला वतनांच्या तारखा उपयोगी पडतील: कुळकर्णी वतन १९५० च्या कायद्यानं, महारवतनासह कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८ च्या, आणि मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्यानं गेलं.

गावठाणाच्या आत जुन्या नकाशात काहीच नसतं, नुसता एक आकार. आतल्या आळ्या, वाडे आणि वेशी तुम्हालाच मोजून काढाव्या लागतील.

तासगावकर

एक छोटी भर, सांगलीकडून हे वाचणाऱ्यांसाठी. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळाही आहेत, कारण दक्षिण सातारा जिल्हा १ ऑगस्ट १९४९ ला झाला आणि त्याचं नाव सांगली २१ नोव्हेंबर १९६० ला पडलं. म्हणजे या गावांचे जुने कागद साताऱ्याच्या दप्तरात निघू शकतात. याउलट सांगली-मिरज पटवर्धनांची, जत डफळ्यांचं, आटपाडी औंध संस्थानात. तिथल्या गावांचे संस्थानी काळातले कागद वेगळ्या चालीचे आहेत. खालसा, म्हणजे थेट सरकारी अमलातल्या, गावाचा नमुना मनात धरून शोधलं की हाती काही लागत नाही. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गेल्यावर इंग्रजांनी सातारचं राज्य खालसा केलं. आपलं गाव त्याआधी कुणाकडे होतं हे पहिल्या पानावरच लिहून ठेवावं.

मोडीवाचक

तुमच्या कागदाचं साल निघतं. सबा म्हणजे ७, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. एकूण ११६७, आणि हा सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत अरबी अंकनावांनी लिहिला जाणारा सन. सुहूर सन मृगाबरोबर, मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला बदलतो. वर्षाचा पहिला भाग, म्हणजे डिसेंबरपर्यंत, असेल तर ५९९ मिळवा. जानेवारीपासून मृगापर्यंतचा असेल तर ६००. म्हणजे तुमचा कागद १७६६-६७ चा, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतला. खाली "छ" लिहून आकडा आणि मुसलमानी महिना असेल. छ म्हणजे चंद्र. त्यावरून नेमका दिवस निघेल, आणि ५९९ की ६०० हेही ठरेल.

अंक असे लावायचे: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. दहाच्या पटीत अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मयातैन म्हणजे २००. नेहमीची चूक सबा आणि सबैन, सित आणि सितैन यांत होते. घाईच्या मोडीत शेवटचा ऐन ओढून टाकलेला असतो आणि पन्नास-साठ वर्षांचा फरक पडतो. कागदातल्या पेशव्याचं, पाटलाचं किंवा देशमुखाचं नाव त्या काळात बसतं का, हे ताडून बघितल्याशिवाय साल छापू नका.

फसली, म्हणजे महसुली, सन असेल तर दख्खनी फसली सुहूरपेक्षा ९ नं पुढे. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवा. राज्याभिषेक शकात १६७३ किंवा १६७४. शालिवाहन शकात ७८ किंवा ७९, आणि त्याबरोबर संवत्सराचं नाव असेल तर एक सोपी चाचणी आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. लिंबच्या बारामोटेच्या विहिरीचं बांधकाम शक १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी १७१९ ते १७२४ सांगतात. १६४१ अधिक १२ म्हणजे १६५३, ६० ने भागून बाकी ३३, म्हणून विकारी संवत्सर. दगडावर किंवा कागदावर शक एक आणि संवत्सर भलताच निघाला तर आकडा चुकीचा वाचला आहे असं आधी समजा.

तुमचा कागद महजर, म्हणजे गावसभेत झालेल्या निवाड्याचा कागद, असेल तर शेवटच्या सह्या सोन्याच्या मोलाच्या. पाटलाचा नांगर, आणि बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या. त्या दिवशी गावात कोणकोणती घराणी हजर होती याची ती यादीच आहे. महजर खोटेही करत. कागद, शाई आणि वळण एकाच काळाचे आहेत का ते जाणकाराकडून बघून घ्या. घडीवर चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. नैसर्गिक उजेडात, कागदाला समांतर कॅमेरा धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कोरी दिसणारी पाठही सोडू नका, तिथे बहुधा शेरा असतो.

गावच्या जुन्या जमिनीच्या झाड्यात "थळ" हा शब्द दिसला तर लगेच थांबा. थळ म्हणजे मूळ मिरासदार (वंशपरंपरागत हक्काच्या) घराण्याच्या नावानं ओळखली जाणारी जमीन. घराणं नाहीसं झालं की ती गतकूळ, पण थळाचं नाव तेच राहतं. आज गावात नसलेली आडनावं तिथे सापडतात. डॉ. थॉमस कोट्स यांनी पुणे भागातल्या लोणी गावाचा असाच वृत्तांत लिहिला होता, तो १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या खंडात छापला गेला. पॅरिश-वृत्तांताचा मराठी मुलखातला सगळ्यात जवळचा नातेवाईक तोच.

वसनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बुद्रुकच्या उत्तरेला ओढ्याकाठी एक टेकाड आहे, त्याला लोक "जुनी पांढर" म्हणतात. तिथे खापरं सापडतात. वीरगळांवर शेंदूर आणि तेलाचा जाड थर आहे. या दोन्ही ठिकाणी कसं काम करावं?

माळरान

पांढर म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे शेतीची. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती मिळून ती फिकट आणि भुसभुशीत होते. लोक तिला "जुनी पांढर" म्हणतात यालाच पुरावा म्हणून मोल आहे. खणू मात्र नका. पहिल्या एक-दोन पावसांनंतर माती धुऊन खापरं वर येतात, तेव्हा चाला. टेकाडाचे दहा-दहा मीटरचे चौकोन पाडा आणि प्रत्येकात काय दिसतं ते जागेवरच मोजा: भांड्याच्या कडेची खापरं, रंग, बांगड्यांचे तुकडे, विटा, जळका थर. पोत्यात भरून घरी आणलेली खापरं निरुपयोगी, कारण ती कुठल्या चौकोनातली हेच राहत नाही. नाणी किंवा दागिना निघाला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं १० रुपयांवरच्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

वीरगळांचा शेंदूर खरवडू नका. तो लोकांचा देव आहे, आणि शिवाय खरवडताना दगडाची साल निघते. अक्षरं दिसावीत म्हणून पीठ किंवा खडू चोळतात, तेही टाळा. पिठानं मुंग्या आणि बुरशी येते. सकाळी लवकर किंवा रात्री टॉर्च दगडाच्या अगदी बाजूनं धरा. उजेड तिरपा पडला की झिजलेली रेघही उठून दिसते. शेजारी मोजपट्टी ठेवा. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाशी झुंज किंवा गुरं, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. तळच्या कप्प्यात गाई असतील तर गुरं पळवताना झालेली लढाई. काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. गाढव कोरलेला दगड निघाला तर तो गद्धेगाळ, दानाची शापवाणी सांगणारा. हे पाच दगड देवळापुढे मूळ कुठून आणले, हे म्हाताऱ्यांना आत्ताच विचारा. मूळ जागा बहुतेकदा शीव, वेस नाहीतर जुनी वाट असते.

शीव फाल्गुन-चैत्रात चालावी. शाळू निघालेला, गवत वाळलेलं, ओढे कोरडे. उसाच्या हंगामात काही दिसत नाही. बरोबर टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा भूरूपनकाशा, असू द्या. ७४ अंश रेखावृत्त सातारा शहराला लागूनच जातं. त्याच्या पूर्वेची कोरेगावकडची शीट ४७ के मध्ये, पश्चिमेची ४७ जी मध्ये, सांगली-मिरज ४७ एल मध्ये. गाव नकाशा संगणकावर बसवताना तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात ते धोंडे, जुनी देवळं आणि दगडी विहिरी हे बिंदू घ्या, निदान सहा, आणि नकाशाच्या चारी कडांना पसरलेले. रस्त्याचे कोपरे आणि ओढ्याची वळणं घेऊ नका, ती सरकतात. एखादा बिंदू बाकीच्यांपेक्षा फारच चुकत असेल तर नकाशा ओढूनताणून बसवू नका. तो धोंडाच कुणीतरी हलवला आहे का ते जाऊन बघा.

चालताना माहितगार गडी दोन्ही गावांचे हवेत, आणि पलीकडच्या गावचाही एक. स्कॉटलंडच्या सीमाभागात सेलकर्क, हॉइकसारख्या शहरांत दरवर्षी घोड्यावरून हद्द फिरायची चाल अजून आहे. आपल्याकडे दसऱ्याचं सीमोल्लंघन कुठल्या वाटेनं जातं आणि पालखी कुठे थांबते ते नोंदवा. जिथे आज शीव नाही तिथेही पालखी थांबत असेल, तर जुनी शीव तिथे असण्याची शक्यता तपासा.

विहिरींची वेगळी वही करा: व्यास, खोली, थारोळ्यांवरून (मोट ओततात त्या कुंड्यांवरून) मोटा किती, धावेची (बैल ज्या उतारावर चालतात तिची) लांबी, दगडात खाचा किती खोल पडल्या आहेत, चैत्रात पाणी किती हातांवर. धावेची लांबी आणि पाण्याची खोली यांचा थेट संबंध आहे, कारण बैल जितके उतरतील तितकेच सोंदूर आणि नाडा हे मोटेचे दोर वर येतात. धाव जुनी आणि आखूड असून आज पाणी फार खाली असेल तर पातळी कधी आणि कशानं गेली, हे बोअर कधी सुरू झाले त्या सालाशी लावून बघा. सुरुवात बुद्रुकच्या गावविहिरीपासून करा, तिची मापं एका सकाळी होतील.